बा उभी राहते तेव्हा

वर्धा जिल्ह्यात ‘कस्तुरबा’ म्हटलं की आधी दवाखाना आठवतो. रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या छातीत दुखलं, की घरचे म्हणतात, ‘सेवाग्रामला न्या.’ १९४४ साली बा, म्हणजे कस्तुरबा गांधी, गेल्या. त्यानंतर त्यांच्या नावाने डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामात स्त्रिया आणि मुलांसाठी एक छोटं रुग्णालय सुरू केलं. पुढे ते वाढत गेलं आणि १९६९ साली त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं. अर्ध्या विदर्भाच्या तोंडी हे नाव असं बसलंय की त्यामागे एक बाई होती, तिला एक चेहरा होता, आवाज होता, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मला तो चेहरा पहिल्यांदा दिसला तो पडद्यावर, ‘गांधी’ सिनेमात, रोहिणी हट्टंगडींचा. सेवाग्रामच्या इतक्या जवळ राहून आधी सिनेमातली बा भेटली आणि मग खरी, याची पूर्वी थोडी लाज वाटायची. आता वाटत नाही. त्या अभिनेत्रीने जे केलं, त्यामुळेच मी पुढे आश्रमात गेल्यावर बा-कुटीपाशी जास्त वेळ थांबायला लागले.

आश्रमात येणारा प्रत्येक जण बापूकुटीकडे जातो. मातीच्या भिंती, वर कवेलू, आत चटई, बैठं लिहिण्याचं डेस्क. ही कुटी मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती, गांधीजी नंतर तिथे राहायला आले. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं, मोर, चरखा दिसतात. ती मीराबेनच्याच हातची. जवळच बा-कुटी आहे, तिच्यापुढे गर्दी कमी असते. आश्रमातल्या पहिल्या घरात, आदिनिवासात, सगळ्यांचा राबता. पाहुणे, कार्यकर्ते, आजारी माणसं, सगळे एकाच छताखाली. त्यात बांची फार अडचण व्हायची. ती जमनालाल बजाजांनी ओळखली आणि त्यांच्यासाठी ही वेगळी कुटी बांधून घेतली. छोटीशी खोली, पुढे ओसरी. ऑगस्ट १९४२मध्ये बा मुंबईला गेल्या, अटक झाली, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाल्या आणि २२ फेब्रुवारी १९४४ला तिथेच वारल्या. या ओसरीवर त्या पुन्हा आल्या नाहीत.

बांच्या भाषणांचे खंड नाहीत, लेखसंग्रह नाहीत. इतकी कमी सामग्री हाती असताना एखादी नटी अशी बाई कशी उभी करते? गांधीजींच्या बाबतीत नटापुढे सामग्रीचा डोंगर असतो. आवाजाची ध्वनिमुद्रणं, चालण्याची चित्रफीत, शेकडो छायाचित्रं, लाखो शब्द. बांच्या बाबतीत मुख्यतः नवऱ्याने लिहिलेलं आणि आजूबाजूच्यांनी पाहिलेलं. उरलेलं नटीने स्वतःच्या शरीरातून काढायचं. रोहिणीताईंची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात इथून करायला हवी असं मला वाटतं.

त्यांचं माहेरचं आडनाव ओक. वाढल्या पुण्यात. १९७१ ते १९७४ या काळात त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या. तेव्हा इब्राहिम अल्काझी तिथले संचालक होते. अल्काझी स्वतः लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रामॅटिक आर्टमध्ये शिकून आलेले. त्यांची शिस्त प्रसिद्ध होती. रंगमंचाची फरशी पुसण्यापासून ग्रीक शोकांतिकेपर्यंत सगळं विद्यार्थ्याने स्वतः करायचं. ग्रीक, संस्कृत, जपानी, लोकनाट्य, प्रत्येक परंपरेत शरीर वेगळं वापरावं लागतं. जपानी काबुकीत एक पाऊल टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आपल्या वगनाट्यात दोन विनोद होऊन जातात. अशा शाळेत तीन वर्षं काढलेल्या माणसाला पुढे कॅमेऱ्यासमोर ‘काहीच न करता’ बसायला सांगितलं, तर ते काहीच न करणंसुद्धा तो रचून करतो.

तिथेच वर्गात जयदेव हट्टंगडी भेटले. लग्न झालं आणि दोघं मुंबईला आले. मुंबईत तेव्हा अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह प्रायोगिक नाटकांसाठी उघडलं होतं. बाकांवर बसायचं, पंख्यांची घरघर ऐकायची, आणि हाताच्या अंतरावर नट. जयदेवांनी लोर्काच्या स्पॅनिश नाटकाचं मराठी रूप ‘चांगुणा’ बसवलं. मूल हवंय आणि होत नाही अशा बाईची ती गोष्ट. चांगुणा रोहिणीताई होत्या. एवढ्या जवळून प्रेक्षक बघत असताना मोठ्या थिएटरातले मोठे हातवारे खोटे वाटतात. आवाज खाली आणावा लागतो, तरी तो शेवटच्या बाकापर्यंत पोचावा लागतो. सिनेमासाठी लागणारी शिस्त त्यांना छबिलदासने दिली, असं मी समजते.

मग लंडन. रिचर्ड ॲटनबरो वीस वर्षं गांधींवरच्या सिनेमाच्या मागे होते. कस्तुरबांसाठी त्यांनी ज्या तिघींच्या कॅमेरा-चाचण्या घेतल्या, त्या तिघीही मराठी: स्मिता पाटील, भक्ती बर्वे आणि रोहिणी हट्टंगडी. गांधींच्या भूमिकेसाठी बेन किंग्जले, जॉन हर्ट आणि आपला नसीरुद्दीन शहा. एका गुजराती बाईची भूमिका, निर्माता-दिग्दर्शक इंग्रज, संवाद इंग्रजीत, आणि दारात उभ्या तीन मराठी नट्या! स्मिताची ‘भूमिका’ येऊन गेली होती, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. भक्तीची ‘ती फुलराणी’ महाराष्ट्राच्या घराघरात पोचली होती. त्या दोघींपुढे रोहिणीताईंचं नाव नाट्यवर्तुळाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी निवड त्यांची झाली. स्मिताच्या डोळ्यांत एक धग होती, ती लपत नसे. भक्तीच्या आवाजात खट्याळपणा होता, तोही लपत नसे. रोहिणीताई मात्र स्वतःला पूर्ण पुसून टाकू शकत. कस्तुरबांसाठी तेच लागणार होतं, हे ॲटनबरोंना दिसलं असावं.

चित्रीकरण नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ असं चाललं. गांधी झालेला बेन किंग्जले रॉयल शेक्सपिअर कंपनीत वर्षानुवर्षं काम केलेला नट. वडील गुजराती मुळाचे, जन्मनाव कृष्णा भानजी. भोवताली जॉन गिलगुड, जॉन मिल्स, ट्रेव्हर हॉवर्ड असे इंग्रजी रंगभूमीचे आणि पडद्याचे मातब्बर. आपले डॉ. श्रीराम लागू गोखल्यांच्या भूमिकेत. वेशभूषेला कोल्हापूरच्या भानू अथैया, ज्यांना या कामासाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं. किंग्जले आणि रोहिणीताई दोघंही चरखा शिकले. ज्याने कधी सूत काढलंय त्याला ठाऊक असतं, की एक हात चाक फिरवतो, दुसरा पेळू मागे ओढतो, आणि दोन्ही हातांचा ताल चुकला की धागा तुटतो. हे एकदा अंगवळणी पडलं की मग बोलता बोलता, रुसता रुसता, नवऱ्याकडे न बघता कातता येतं. तसं कातताना माणूस घरात असल्यासारखा दिसतो.

या सिनेमातले दोन प्रसंग मी कितीदा पाहिलेत, मोजलेले नाहीत.

पहिला दक्षिण आफ्रिकेतला. शौचकूप साफ करण्याची पाळी बावर येते, ती नको म्हणते. गांधी चिडतात, तिचा दंड धरतात, दाराकडे ओढत नेतात. गांधीजींनी हा प्रकार आत्मकथेत स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी तसा लिहून ठेवलाय. पडद्यावर काय घडतं ते बघा. ओढली जाताना रोहिणीताईंचं शरीर आधी ताठ होतं, मग एकदम सैल पडतं. रडारड नाही, आरडाओरडा नाही. अपमान झालेल्या बाईला आधी स्वतःचा तोल सावरावा लागतो, तेच त्या करतात. मग नवऱ्याचा चेहरा पडतो, आणि तिच्या नजरेत एक बदल होतो. या माणसाला आपण क्षमा करणार आहोत हे तिला त्याच्या आधी कळलंय. थोड्या वेळाने ती कामाला जायला उठते, आणि उठते ती हरलेल्या बाईसारखी नाही. हे लिहायला पाच-सहा वाक्यं लागली. पडद्यावर काही क्षणांचा खेळ आहे.

दुसरा प्रसंग पोरबंदरचा. समुद्र मागे, आणि अमेरिकन पत्रकाराला ही दोघं आपलं लग्न कसं लागलं ते करून दाखवतात. सात पावलं, प्रत्येक पावलाला एक वचन, एक तो म्हणणार, एक ती. आता दोघंही उतारवयाला लागलेली. बालपणी लागलेलं लग्न, मधे ब्रह्मचर्याचं व्रत, तुरुंग, मुलांची दुखणी, सगळं होऊन गेलंय. रोहिणीताई इथे लाजतात. पण ते लाजणं पंचविशीतल्या मुलीचं नाही. आयुष्यभर एकमेकांना ओळखणाऱ्या दोघांपैकी एकीने दुसऱ्याची हौस पुरवावी, तसं ते आहे. तिशीच्या आसपासच्या नटीने हे वय कुठून आणलं असेल? पाठ किंचित झुकलेली आहे, पण म्हातारपणाचं सोंग नाही. वय त्यांनी पाठीपेक्षा हातांत ठेवलंय. हात सावकाश हलतात, पदराशी जातात, परत मांडीवर येतात.

त्याच सिनेमात मीराबेन झालेली जेराल्डिन जेम्स ही इंग्रज अभिनेत्री. तिची कारकीर्द नंतर बहरली. ‘द ज्युएल इन द क्राउन’ ही १९८४ची गाजलेली टीव्ही मालिका, मग डस्टिन हॉफमनबरोबर ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली पोर्शिया, आधी लंडनला आणि मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. इंग्रज अभिनेत्रीच्या आयुष्यात नाटक, टीव्ही, सिनेमा ही तीन वेगळी घरं नसतात, एकाच घरातल्या तीन खोल्या असतात. लंडनसारख्या एकाच शहरात सगळं असल्याने दुपारी चित्रीकरण आणि संध्याकाळी रंगमंच हे तिथे वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि वय वाढलं की भूमिका खोल होतात. रोहिणीताईंची घडण याच प्रकारची आहे. पण त्या परतल्या त्या हिंदी सिनेमाच्या मुंबईत. ज्या खऱ्या मीराबेननी सेवाग्रामच्या भिंतीवर मातीचे मोर उठवले, त्या मॅडलिन स्लेड जुलै १९८२मध्ये ऑस्ट्रियात वारल्या. सिनेमा ३० नोव्हेंबरला प्रदर्शित झाला. चार महिन्यांनी हुकला.

१९८३च्या मार्चमध्ये लंडनला बाफ्टा पुरस्कार जाहीर झाले. ब्रिटिश चित्रपटसृष्टीचा हा सगळ्यात मानाचा पुरस्कार. सहायक अभिनेत्रीच्या नामांकनात चौघी होत्या: जेन फोंडा, याच सिनेमातली कँडिस बर्गन, ‘रेड्स’साठी मॉरीन स्टेपलटन, आणि रोहिणी हट्टंगडी. पुरस्कार विभागून गेला, स्टेपलटन आणि रोहिणीताई. स्टेपलटन ही अमेरिकन रंगभूमीवर तीन दशकं तपलेली बाई. बाफ्टाचं चिन्ह कांस्याचा एक मुखवटा आहे, नाटकातला मुखवटा. त्या वर्षी तो दोन रंगभूमीवरच्या बायकांच्या हाती गेला, हे मला फार योग्य वाटतं. आपल्याकडे मात्र ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाल्याच्या जल्लोषात ही बातमी कोपऱ्यात गेली. आजही प्रश्नमंजूषेत भानू अथैयांचं नाव विचारतात, हे विचारत नाहीत. विचारायला हवं.

पुढे काय झालं, ते सांगताना मला त्रास होतो. तिशीतल्या बाईने सत्तरी इतकी खरी दाखवली की व्यवसायाने तिला तिथेच बसवलं. ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चनची आई आहेत. अमिताभ वयाने त्यांच्याहून मोठे. तिथेही त्यांनी फिल्मफेअर मिळवलं, कारण हातात आलेलं काम वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण ज्या वयात नायिका म्हणून काही वर्षं मिळायला हवी होती, ती पांढऱ्या केसांच्या टोपात गेली. इंग्रज रंगभूमीवर तीच नटी आज लेडी मॅकबेथ, पुढच्या वर्षी चेकॉव्हची राणेव्स्काया करते. आमच्या हिंदी सिनेमाला बाईचं एकच वय एकदा कळलं की पुरतं.

तरी त्या चौकटीतही मोठं काम झालं. ‘अर्थ’मध्ये धुणी-भांडी करणारी बाई, नवऱ्याने फसवलेली, शेवटी त्याचा जीव घेणारी. शबाना आझमींच्या नायिकेला जे करता येत नाही ते ही बाई करून बसते. पोरीला कोण सांभाळेल, एवढाच प्रश्न तिच्या डोळ्यांत उरतो. ‘सारांश’मध्ये एकुलता मुलगा परदेशात मारला गेलेलं मराठी मध्यमवर्गीय जोडपं. अनुपम खेर यांच्यासमोर पार्वती प्रधान. तो चिडतो, लढतो, सरकारी कचेरीत हट्ट धरतो. ती देवाला, बुवाला, येऊ घातलेल्या एका बाळाला धरून बसते. प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो, पण मला वाटतं दुःख जास्त खोल तिचं आहे, कारण तिला त्याला शब्द देता येत नाहीत.

आणि ‘पार्टी’. विदर्भाच्या माणसाने ‘पार्टी’पाशी थांबायलाच हवं. मूळ नाटक महेश एलकुंचवारांचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेले, नागपुरात राहून लिहिणारे एलकुंचवार. १९८४ साली गोविंद निहलानींनी त्यावर सिनेमा केला. हे निहलानी ‘गांधी’च्या दुसऱ्या चित्रीकरण पथकाचं काम पाहत होते. म्हणजे रोहिणीताईंना त्यांनी बा होताना पाहिलं होतं, आणि त्यांच्यात त्याच्या अगदी उलट टोकाची बाई त्यांना दिसली. मोहिनी बर्वे: एकेकाळची नामवंत नटी, थोर नाटककाराची बायको, रंगभूमी सुटलेली, हातात पेला. मुंबईतल्या उच्चभ्रू साहित्यिक मेजवानीत ती हसते, बोलते, तोल सांभाळते, आणि मधेच कधीतरी आपण नटी होतो हे तिला आठवतं. बाच्या भूमिकेत रोहिणीताईंनी स्वतःला पुसलं होतं. इथे पुसली गेलेली बाईच दाखवायची होती, नवऱ्याच्या मोठेपणात विरघळून गेलेली. बा आणि मोहिनी दोघीही थोर माणसांच्या बायका. एक त्या थोरपणात स्वतःची जागा करून घेते, दुसरीला ती सापडत नाही. याच भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या सगळ्या पडदाकामात माझी निवड विचारली, तर ‘पार्टी’च सांगेन.

नाटक त्यांनी सोडलं नाही. ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोग, मूळ बंगाली लेखक नितीश सेन, दिग्दर्शन जयदेवांचं, मराठीत आणि हिंदीत. एकटी बाई रंगमंचावर, बाकी सगळी माणसं तिच्या बोलण्यातून येतात-जातात. एकपात्रीत नटाला श्वास घ्यायला दुसऱ्याचं वाक्य नसतं, पाणी प्यायचं तरी ते भूमिकेतच. २००४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००८च्या डिसेंबरमध्ये जयदेव गेले.

घरोघरच्या बायकांना मात्र त्या ‘चार दिवस सासूचे’मुळे माहीत झाल्या. २००१ ते २०१३, तीन हजारांहून अधिक भाग. नंतर ‘होणार सून मी ह्या घरची’मधली आईआजी. नाट्यप्रेमी मंडळी या मालिकांबद्दल नाक मुरडतात. मी मुरडत नाही. रोज रात्री हिंगणघाट-आर्वीच्या घरांत, भाकरी टाकता टाकता बायकांनी बारा वर्षं ज्या नटीला पाहिलं, तिने अल्काझींच्या शाळेतला सूर एकदाही सोडला नाही. दिवसाला पानंच्या पानं संवाद, तालमीला वेळ नाही, आणि तरी ऐकणाऱ्या चेहऱ्यावर काहीतरी घडत असतं. समोरचं पात्र बोलत असताना त्यांच्याकडे बघा, ऐकण्याचं काम किती नट करतात ते तेव्हा कळतं.

नसीरुद्दीन शहा गांधींच्या भूमिकेची ती कॅमेरा-चाचणी हरले होते. पुढे फिरोज अब्बास खान यांच्या ‘महात्मा व्हर्सेस गांधी’ या नाटकात त्यांनी गांधी केले आणि कस्तुरबा झाल्या नीना कुळकर्णी. बा पुन्हा एकदा मराठी नटीच्या वाट्याला आली.

रोहिणीताईंचा वाढदिवस ११ एप्रिल. कस्तुरबांची जयंतीही ११ एप्रिललाच पाळतात, आणि देशात तो दिवस सुरक्षित मातृत्व दिन म्हणून नेमलेला आहे. सेवाग्रामला एप्रिलमध्ये ऊन रणरणतं, शाळांच्या सहली आटोपलेल्या असतात, आश्रमात शुकशुकाट असतो. बा-कुटीच्या ओसरीवर सावली असते. तिथून थोड्या अंतरावर, बांच्या नावाच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर सासवा, आया, जावा पिशव्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या एकीने परवा मोबाईलवर जुनी मालिका लावली होती. शेजारणीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘ही ना? हिला ओळखते मी.’